आधी डीपी, मग ग्राहक

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभरातले दिवे मालवले गेले. टाळेबंदीला जेमतेम दीड आठवडा झाला होता आणि नऊ मिनिटे दिवे बंद ठेवून पणत्या लावण्याचे आवाहन पंतप्रधानांनी दोनच दिवस आधी केले होते. ग्रिड सांभाळणाऱ्या अभियंत्यांसमोर एकच प्रश्न होता : मागणी किती उतरेल? घरगुती दिव्यांचा हिशेब मांडून १२ ते १४ हजार मेगावॅटचा अंदाज निघाला. प्रत्यक्षात मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली. ग्रिड तरीही तगले, कारण अंदाज चुकणार हे गृहीत धरूनच तयारी झाली होती. जलविद्युत केंद्रे आधी चढवून ठेवली होती. नऊच्या सुमारास ती भराभर उतरवली आणि लोकांनी पुन्हा बटणे दाबताच तितक्याच झपाट्याने चढवली.

वीज वितरणात मशीन लर्निंग आणण्याची भाषा आता निविदांपासून परिषदांपर्यंत सगळीकडे ऐकू येते, म्हणून त्या रात्रीची आठवण काढली. नियम लिहून देण्याऐवजी जुन्या नोंदींचा ढीग संगणकापुढे ठेवायचा आणि त्यातली संगती त्यालाच शोधू द्यायची, ही या तंत्राची रीत. पूर्वी अनेकदा घडून गेलेल्या गोष्टीचा पुढचा अंदाज ते चांगला देते. नऊ मिनिटांच्या पणत्या मात्र कोणत्याच नोंदीत नव्हत्या. एवढ्यावरून हे तंत्र निकामी ठरवणे चूक होईल. महाराष्ट्रात त्याला करण्याजोगे काम भरपूर आहे. वाद आहे तो सुरुवात कुठून करायची याचा, आणि तिथे सध्याचा उत्साह आम्हाला भलत्या टोकाकडे वळलेला दिसतो.

आधी जिथे हे तंत्र निर्विवाद उपयोगी आहे ते पाहू. विजेचा व्यवहार पंधरा-पंधरा मिनिटांच्या खंडांत चालतो; दिवसाचे असे ९६ खंड. उद्याच्या प्रत्येक खंडात आपल्याला किती वीज लागेल हे वितरण कंपनीने आज सांगायचे, त्याप्रमाणे केंद्रांना वेळापत्रक जाते, उरलेसुरले बाजारातून घ्यायचे. महावितरणची कमाल मागणी आता पंचवीस हजार मेगावॅटच्या पुढे जाते. त्यातली एक टक्का चूक म्हणजे अडीचशे मेगावॅट, आणि ती तासभर टिकली तर अडीच लाख युनिट. बाजारातला भाव कमाल मर्यादेला, म्हणजे दहा रुपयांना, टेकलेला असेल तर त्या एका तासाचे पंचवीस लाख रुपये झाले. वेळापत्रक सोडून कमी-जास्त वीज उचलल्याबद्दलचा विचलन आकार वेगळाच. हा पैसा शेवटी दरनिश्चितीतून ग्राहकाच्याच बिलात उतरतो.

हा अंदाज संगणकाच्या आधीही बांधला जात होताच. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात काय किंवा वितरण कंपनीच्या वीज खरेदी विभागात काय, जुना जाणता माणूस ‘तसाच दिवस’ शोधायचा : गेल्या सोमवारी काय होते, गेल्या वर्षी याच आठवड्यात काय होते, पारा किती होता. यंत्र हेच करते, फक्त हजारो दिवस आणि डझनावारी घटक एकाच वेळी पाहते. तरी त्याला काय शिकवायचे हे स्थानिक माणसालाच ठाऊक असते. गणेश विसर्जन आणि लक्ष्मीपूजन इंग्रजी तारखेप्रमाणे येत नाहीत. तिथीचा रकाना नसलेले मॉडेल दरवर्षी नव्याने गोंधळते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि यंत्रे थांबतात. मे महिन्यात दुपारी वळवाचा पाऊस झोडपून गेला की तासाभरात शहरातले एसी आणि शेतातले पंप एकदमच बंद पडतात. परदेशातून आणलेले तयार सॉफ्टवेअर यातले काहीही जन्मतः जाणत नाही.

या चुकांची किंमत पैशाखेरीज पाण्यातही मोजावी लागते. मागणी अचानक चढली की राज्याची पहिली धाव कोयनेकडे असते. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प काही मिनिटांत चढवता-उतरवता येतो, म्हणून संध्याकाळचा ताण त्याच्यावर टाकायचा ही जुनी वहिवाट आहे. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. चुकलेला अंदाज सावरायला नोव्हेंबरात जे पाणी खर्ची पडते ते एप्रिल-मेमध्ये, खऱ्या गरजेच्या वेळी, उरत नाही. दिवसा सौरऊर्जेचा पूर आणि सूर्य मावळताच चढणारी मागणी, हे अंतर जसजसे वाढत जाईल तसतशी कोयनेतल्या प्रत्येक टीएमसीची किंमत वाढणार आहे. मागणीच्या अंदाजातली अर्ध्या टक्क्याची सुधारणा इथे खरोखर मोलाची ठरते. या कामात यंत्र वापरण्याबद्दल कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही, आमचाही नाही.

अंदाज राज्याच्या पातळीवर इतका चांगला जमतो याचे कारण गणिती आहे. कोट्यवधी घरांतल्या लहरी एकमेकींना छेद देतात. कोणी गीझर लावते तेव्हा कोणी बंद करते आणि बेरीज बरीचशी गुळगुळीत निघते. खाली उतरत जावे तशी ही सोय संपत जाते. उपकेंद्रातून निघणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या फीडरवर थोडीफार शिस्त दिसते, पण डीपीवर नाही. सरकारी कागदावर जिला रोहित्र म्हणतात आणि उभा महाराष्ट्र जिला डीपी म्हणतो, तिच्यावर वीस-पंचवीस पंप किंवा पन्नास-साठ घरे असतात. तिथे एका घरचे लग्न किंवा एका विहिरीचे आटणे एवढ्यानेही आलेख बदलतो. वितरणाचे खरे दुखणे मात्र इथेच आहे.

शेतातली शंभर केव्हीएची डीपी घ्या. पाच अश्वशक्तीची मोटर कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरून साडेपाच-सहा केव्हीए ओढते. म्हणजे अशी पंधरा-सतरा कनेक्शने त्या डीपीला झेपतात. कागदावर तेवढीच असतात. प्रत्यक्षात पाचच्या मंजुरीवर साडेसातची मोटर बसलेली असते, चार-दोन आकडे पडलेले असतात, कॅपॅसिटर कोणी लावलेला नसतो. त्यावर कडी म्हणजे ऑटो स्विच. वीज रात्री दोनला येणार असेल तर थंडीत, विंचूकाट्यातून विहिरीवर कोण जाणार? शेतकरी ऑटो स्विच लावतो आणि झोपतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण वीज येताच सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. व्होल्टेज बसते, व्होल्टेज बसल्याने करंट आणखी वाढतो, आधी फ्यूज जातो, मग त्या जागी जाड तार येते, आणि एके दिवशी डीपीच जळते. पुढचे आठ-दहा दिवस ट्रॅक्टर शोधण्यात, ऑइल मिळवण्यात आणि उभे पीक वाळताना बघण्यात जातात. डीपी किती वेळात बदलून द्यायची याची मुदत राज्य वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत लिहिलेली आहे, ही गोष्ट वेगळी.

मशीन लर्निंगची खरी कसोटी आम्हाला इथे दिसते. डीपी जळते ती अचानक नव्हे. महिनोन्‌महिने तिच्यावर जादा भार असतो, तीन फेजांतला समतोल बिघडलेला असतो, वीज आल्याबरोबरची उसळी दर आठवड्याला थोडी वाढत असते. डीपीवर पंधरा मिनिटांनी नोंद करणारा मीटर असेल तर ही सगळी लक्षणे त्या नोंदीत असतात. जळालेल्या काही हजार डीपींच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी यंत्राला दाखवल्या, तर चालू डीपींपैकी कोणत्या त्या वाटेवर आहेत याची यादी ते देऊ शकते. अशी यादी बरोबर निघाली तर डीपी वाचते. चुकीची निघाली तर फार तर एक वायरमन उगाच चक्कर मारून येतो. चूक झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही, हा या कामाचा सर्वांत मोठा गुण.

याहून साधे पण तितकेच मोलाचे काम आहे ते कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आहे हे शोधण्याचे. ही माहिती कंपनीच्या दफ्तरी असते, पण ती बरोबर असेलच असे नाही. पावसाळ्यात रात्री एक फेज जातो, वायरमन खांबावर चढून चार घरे दुसऱ्या फेजवर टाकतो, वीज येते, लोक त्याला चहा पाजतात आणि नोंदवही तशीच राहते. वर्षानुवर्षांच्या अशा फेरफारांनंतर दफ्तर आणि खांब यांचा मेळ सुटतो. स्मार्ट मीटर वापराबरोबर व्होल्टेजही नोंदवतो, आणि एकाच डीपीच्या एकाच फेजवरच्या घरांचे व्होल्टेज बरोबरीने वर-खाली होते. कोणते मीटर एका तालात हलतात एवढे पाहिले की त्यांचे गट आपोआप वेगळे पडतात. कोणाच्याही घरात न डोकावता, व्होल्टेजच्या नोंदींवरून अख्ख्या गावाचा वीजनकाशा नव्याने काढता येतो. हा नकाशा नसेल तर पुढचा सगळा हिशेब, गळतीचा असो वा चोरीचा, वाळूवर उभा राहतो.

व्होल्टेजच्या नोंदींचे मोल पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने स्मार्ट मीटरच्या गाजावाजाच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते. घरातल्या साध्या सॉकेटमध्ये बसवायची एक लहानशी पेटी मिनिटामिनिटाला व्होल्टेज टिपायची, आणि वीज किती वेळ होती, किती दाबाने होती याचा ग्राहकाच्या बाजूचा पुरावा त्यातून उभा राहायचा. अशा पेट्या देशातल्या अनेक गावांत बसल्या. मोजमाप ग्राहकाच्या बाजूनेही करता येते, ही आठवण आज धरून ठेवण्यासारखी आहे.

आता नोंदींच्या खरेपणाकडे वळू. गळती मोजायची रीत सरळ आहे : जेवढी वीज आत सोडली त्यातून जेवढी विकली ती वजा करा. पण महाराष्ट्रात शेतीपंपांना नेमकी किती वीज गेली हे मोजलेले नसते, बऱ्याच अंशी मानलेले असते. लक्षावधी पंपांना मीटरच नाहीत. ज्यांना आहेत त्यांतले कित्येक बंद. त्यांचे रीडिंग ‘सरासरी’ने पडते. कृषिवापर फुगवून दाखवला की तेवढी गळती झाकली जाते, असा आक्षेप वीज नियामक आयोगापुढे ग्राहक प्रतिनिधींनी वर्षानुवर्षे मांडला आहे आणि त्यावर अभ्यासगटही बसले आहेत. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या चव्वेचाळीस लाख शेतकऱ्यांना वीज मोफत झाली. निर्णय राजकीयदृष्ट्या समजण्यासारखा आहे, पण ज्याचे बिलच शून्य त्याचा मीटर चालू आहे की बंद याची फिकीर ना ग्राहकाला उरते ना रीडिंग घेणाऱ्याला. अशा नोंदींवर यंत्र शिकवले तर ते विजेचा वापर शिकणार नाही, कारकुनाची सवय शिकेल. आणि मानलेला आकडा दशांश चिन्हापुढे तीन घरे दाखवून परत देईल. आडात नाही ते पोहऱ्यात यायचे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर वेगळे करून त्यांना सौर प्रकल्पांतून दिवसा वीज द्यायची आहे. त्या निमित्ताने निदान प्रत्येक कृषी फीडरवर आणि डीपीवर चालू मीटर असावा, हा आग्रह धरायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही.

आणि मग येते चोरी. वीज कंपन्यांना मशीन लर्निंग विकायला येणारे बहुधा याच दारातून येतात, कारण इथे पैसा लगेच दिसतो. या विषयावरच्या संशोधनात चीनच्या सरकारी ग्रिड कंपनीने खुल्या केलेल्या ४२,३७२ ग्राहकांच्या नोंदी वारंवार वापरल्या जातात; त्यांत चोर ठरलेले ग्राहक सुमारे नऊ टक्के आहेत. कागदावर यश उत्तम दिसते. पण टक्केवारी प्रत्यक्षात कशी फिरते ते एका काल्पनिक हिशेबावरून पाहा. समजा एक लाख ग्राहक आहेत आणि दोन टक्के, म्हणजे दोन हजार, चोरी करतात. यंत्र यातल्या नव्वद टक्क्यांना ओळखते : अठराशे सापडले. प्रामाणिक ग्राहकांच्या बाबतीत ते फक्त पाच टक्के वेळा चुकते, पण प्रामाणिक अठ्ठ्याण्णव हजार आहेत, त्यामुळे चार हजार नऊशे निरपराध यादीत आले. एकूण यादी सहा हजार सातशेंची आणि त्यांतले जवळजवळ तीनचतुर्थांश निर्दोष. नव्वद टक्के अचूकतेचा डांगोरा पिटणाऱ्या यंत्राची ही यादी आहे.

हे निरपराध कोण असतील? यंत्राला संशय येतो तो एकाएकी घटलेल्या वापराचा. बीडकडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कारखान्याच्या फडावर जाते ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. मीटर चार-पाच महिने जवळजवळ थांबलेला. कोकणातले चाकरमान्याचे घर गणपतीत आणि शिमग्याला उजळते, एरवी अंधारात. इचलकरंजी किंवा मालेगावात सुताचे भाव चढले की माग बंद पडतात आणि वापर निम्म्यावर येतो. एखाद्याने छपरावर सौर पॅनेल बसवले. एखाद्या घरातला कमावता मुलगा गेला आणि म्हातारी एका दिव्यावर राहू लागली. या सगळ्यांचे आलेख मीटरमध्ये फेरफार करणाऱ्याच्या आलेखासारखेच दिसतात. जो चोर मीटरच्या आधीच आकडा टाकून वर्षानुवर्षे एकसारखी चोरी करतो, त्याचा आलेख मात्र कधी बदललेलाच नाही, म्हणून तो यादीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

ही भीती कल्पनेतली नाही. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राने एक साधे सूत्र अनुभवले आहे. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी तिथे भारनियमन जास्त, असे ठरवून फीडरांचे ए, बी, सी, डी असे गट पाडले होते आणि ते पुढे जी पर्यंत गेले. सूत्र तर्काला धरून होते. टंचाई असताना वीज कुठे तोडायची याचे काहीतरी उत्तर द्यावेच लागते आणि जिथे वसुली नाही तिथे, हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटते. पण फीडर बिल भरत नाही, माणसे भरतात. वेळच्या वेळी बिल भरणारी शिक्षिका आणि आकडे टाकणारा तिचा शेजारी दोघेही एकाच अंधारात बसत होते. सुक्याबरोबर ओलेही जळत होते. तिने काय केले असते तर फीडर ‘एफ’मधून ‘सी’मध्ये आला असता? काहीच नाही. मशीन लर्निंगचे मॉडेल हे अशाच सूत्राचे कितीतरी गुंतागुंतीचे रूप आहे, एका फरकासह : ए ते जी चे सूत्र निदान वर्तमानपत्रात छापून आले होते आणि त्यावर भांडता येत होते.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. निम्म्याहून अधिक वीज जिथे गळतीत जात होती ते शहर जानेवारी २००७ मध्ये फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे गेले आणि काही वर्षांतच गळती वीस टक्क्यांच्या आसपास आली. तिथे कोणतेही शिकणारे यंत्र नव्हते. जुने मीटर सरसकट बदलले, डीपींची क्षमता वाढवली, तारा बदलल्या, हिशेब डीपीपर्यंत नेला. डीपी जळण्याचे प्रमाणही उतरले. फ्रँचायझी पद्धतीबद्दल भिवंडीकरांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही रास्तही आहेत, पण तो वेगळा विषय. चोरीचा बराच मोठा भाग जुनाट, बेहिशेबी यंत्रणेच्या आडोशाला वाढतो, एवढे त्यातून नक्की कळते. डीपीच्या मीटरमधून तिच्यावरच्या ग्राहकांच्या मीटरची बेरीज वजा करायला तिसरीतले गणित पुरते. ती वजाबाकी जिथे मोठी येते तिथे माणूस पाठवा. व्यक्तीवर बोट ठेवणारे मॉडेल त्यानंतर.

कायद्याची बाजूही इथे पाहायला हवी. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराबद्दल आकारणी करता येते आणि कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा दाखल होतो. दोन्ही ठिकाणी आधार लागतो तो तपासणीत काय सापडले याचा. यंत्राने दिलेला संशयांक म्हणजे तपासणी नव्हे. तो पाहून पथक कुठे पाठवायचे हे ठरवावे, त्यात काही गैर नाही. पण पंचनाम्यात, आकारणीत किंवा जोडणी तोडण्याच्या नोटिशीत ‘प्रणालीने दाखवल्याप्रमाणे’ हे शब्द येता कामा नयेत. कारकून चुकला तर त्याला विचारता येते. प्रणाली चुकली तर समोरचा माणूस हात वर करून म्हणतो, साहेब, ते सिस्टीममध्येच तसे आहे. वीज कार्यालयाच्या खिडकीवर हे वाक्य ऐकले नाही असा ग्राहक विरळा.

एक गैरसमज जाता जाता दूर करू. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई तासन्‌तास अंधारात गेली तशा घटना यंत्राच्या हुशारीने टळतील, असे काही जण सुचवतात. वाहिनीवर दोष आला की ती अलग करण्याचे काम मिलिसेकंदांत, ठरलेल्या नियमांनी संरक्षक रिले करतात. तिथे शिकत बसायला वेळ नसतो. त्या दिवशीचे प्रश्न कळवा-पडघा परिसरातल्या वाहिन्यांचे आणि मुंबईला वेळेत ‘बेट’ म्हणून वेगळे न काढता आल्याचे होते, आणि त्यांची उत्तरे तारा, मनोरे, देखभाल आणि शिस्त यांतच आहेत.

हे सगळे ज्या स्मार्ट मीटरवर उभे राहायचे, त्यांच्याबद्दल महाराष्ट्रात विश्वासाचा दुष्काळ आहे. केंद्राच्या योजनेत देशभर पंचवीस कोटी मीटर बसवायचे आहेत. महावितरणने सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटे २०२३ मध्ये दिली. ती प्रीपेड असणार म्हटल्यावर गावोगाव विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढे तेच मीटर पोस्टपेड ‘टीओडी’ मीटर, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारे मीटर, म्हणून दारी आले. १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सवलत लागू झाली. सौरऊर्जेच्या वेळेत वापर सरकावा हा हेतू योग्य आहे. पण दिवसभर कामावर असणाऱ्या जोडप्याने वॉशिंग मशीन कधी लावायचे, याचे उत्तर सवलतीच्या जाहिरातीत नाही.

लोकांच्या मनातला दुसरा संशय माहितीचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंधरा मिनिटांची एक नोंद म्हणजे वर्षाला पस्तीस हजार नोंदी. एकाच मीटरच्या नोंदींवरून घरातली उपकरणे ओळखता येतात हे अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवले होते. घरचे कधी उठतात, घर कधी रिकामे असते, रात्री कोण जागे असते, हे त्यातून उलगडते. नेदरलँड्‌समध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा २००९ मध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहात याच मुद्द्यावर अडला. शेवटी नाकारण्याचा हक्क ग्राहकाला द्यावा लागला. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आपल्या घराची पंधरा मिनिटांची नोंद कंत्राटदाराच्या संगणकावर किती काळ राहते आणि ती आणखी कोण पाहते, हे बिलाच्या मागच्या बाजूला चार ओळींत मराठीत छापायला कंपन्यांना काय हरकत आहे?

व्यवहार उघड असला तर लोक साथ देतात, याचा अनुभव याच राज्यात आहे. वीस वर्षांपूर्वी भारनियमन ऐन भरात असताना ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावाने एकमताने ठरवायचे होते की संध्याकाळच्या वेळी पंप आणि गिरण्या चालवायच्या नाहीत. बदल्यात घरातले दिवे चालू राहतील. अनेक गावांनी ते पाळले. कोणी मोडले तर गावच त्याला जाब विचारायचे. आज ज्याला ‘डिमांड रिस्पॉन्स’ म्हणतात, ज्यासाठी मोबाइल ॲप आणि अल्गोरिदम लागतात असे सांगतात, ते हेच होते. यंत्राची भर पडली तर ही देवाणघेवाण अधिक बारकाईने करता येईल. ताण नेमका कोणत्या फीडरवर आणि कोणत्या अर्ध्या तासात येणार हे आदल्या दिवशी सांगता येईल. पण गावाला काय मिळणार हे आधी सांगितले पाहिजे.

तेव्हा मशीन लर्निंगवर पैसा खर्च करू पाहणाऱ्या वितरण कंपन्यांकडून राज्य वीज नियामक आयोगाने थोडे आकडे दरवर्षी मागावेत. मागणीचा अंदाज ९६ खंडांत सरासरी किती चुकला आणि त्या चुकीपोटी वीज खरेदीत किती पैसे गेले. यंत्राने धोक्यातल्या म्हणून सांगितलेल्या डीपींपैकी किती वेळेत दुरुस्त झाल्या, आणि न सांगितलेल्या किती जळाल्या. चोरीच्या संशयावरून किती घरांवर पथके गेली, त्यांतल्या किती ठिकाणी काही सापडले आणि किती रिकाम्या हाताने परतली. हे शेवटचे प्रमाण विभागवार जाहीर झाले की कोणत्या भागात कुलूपबंद घरांना चोर समजले जात आहे ते आपोआप दिसेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. दरनिश्चितीच्या याचिकेला जोडायचे एक जादा परिशिष्ट पुरते.